अकरा घरांच्या चार खुर्च्या

तिसऱ्या घरात माझी पँट फाटली. फार नाही, बोटभर. खुर्चीचा उजवा हात मोडलेला होता आणि तो तारेनं बांधला होता. त्या तारेचं टोक बाहेर आलं होतं. उठताना खिशापाशी ते अडकलं आणि टर्रकन आवाज झाला. घरातली बाई कानकोंडी झाली. "असू द्या हो, जुनीच आहे," असं म्हणत मी फायलीनं ती बाजू झाकली आणि बाहेर पडलो. आमच्या खात्याची ही नेहमीची पाहणी. गणकबाई घरोघर जाऊन टॅबवर माहिती भरतात, आणि अधूनमधून माझ्यासारख्या वरच्या माणसानं त्यांच्याबरोबर एखाद्या वस्तीत फिरायचं, माहिती नीट भरली जाते की नाही ते बघायचं. चौथं घर झालं, पाचवं झालं. ऊन चढत होतं. सातव्या घरात मी बसलो, पाणी प्यालो, गणकबाईंनी त्यांच्या त्या एकसुरी आवाजात छप्पर कशाचं, पंखे किती, खुर्च्या किती, असं सगळं विचारून घेतलं. आणि मी उठलो तर तेच टोक त्याच भोकात अडकलं. अहो, अगदी त्याच भोकात! मी अर्धवट उठलेला तसाच राहिलो. निळी खुर्ची, मोडका उजवा हात, तांब्याची तार, तिचे चार वेढे. उरलेल्या तीन खुर्च्यांकडे पाहिलं. एकीच्या पाठीवर रंगाचे पांढरे शिंतोडे. तेही मी सकाळी पाहिले होते. कुठल्या घरात पाहिले होते ते आठवेना, बहुतेक सगळ्याच.

मी पुढच्या दारानं बाहेर पडलो, पण घराला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. घरातली बाई "अहो साहेब, तिकडं चिखल आहे," म्हणत मागे आली, पण तोवर मला दिसलं होतं. मी बाहेर पडल्याबरोबर त्या चार खुर्च्याही मागच्या दारानं निघाल्या होत्या. एकमेकींत घातलेल्या चारी खुर्च्या दोन बायकांनी दोन बाजूंनी धरल्या होत्या आणि त्या मागच्या बोळातून आठव्या घराकडे पळत होत्या. पळताना हसत होत्या. एकीनं पदराचं टोक दातांत धरलं होतं. मला पाहिल्याबरोबर दोघी थांबल्या. हसू गेलं. खुर्च्या खाली ठेवाव्यात की तशाच धराव्यात ते त्यांना कळेना. शेवटी मीच चोरासारखा आत वळलो. गणकबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. "तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं. "काय साहेब?" "खुर्च्या फिरवतात ते." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या, हा माणूस चेष्टा करतोय की काय अशा नजरेनं. "सगळीकडेच फिरवतात. आपण येणार म्हणून आणतात बिचाऱ्या. आपल्याला उभं कसं ठेवतील?" "पण मग तुम्ही भरता काय?" "घरात खुर्च्या किती, असं विचारलंय साहेब. चार होत्या, चार भरल्या. कुणाच्या, असं कुठं विचारलंय?" आणि मग, जरा समजूत घातल्यासारखं, "चला, अजून चार घरं राहिलीत."

त्या चार घरांत मी बसलो नाही. उभाच राहिलो. बायका अगदी कासावीस झाल्या. एकीनं तर हात जोडले, आमच्याकडून काही चुकलं का म्हणून. तरी मी बसलो नाही, आणि बसलो नाही म्हणून स्वतःवरच चिडलो. कारण न बसून मी कुणावर उपकार करत होतो? अकराही घरांत चार खुर्च्या भरल्या गेल्या. चव्वेचाळीस. आणि त्या चार खुर्च्यांचे प्रत्येक घराला सहा गुण. हे सहा गुण मी ठरवलेत. खात्यात मला मास्तर म्हणतात ते उगाच नाही. अख्ख्या देशातल्या गरिबांना मी मार्क देतो. पक्कं छप्पर असेल तर इतके, पंखा असेल तर इतके, खुर्च्या असतील तर इतके. आमची शाळा मात्र उलटी आहे. जास्त मार्क मिळाले की मुलगा नापास. अडतीसच्या वर गेलेलं घर गरीब नाही. मग त्याचं धान्य बंद, दवाखान्याचं कार्ड बंद. हे सगळं कागदावर असतं तेव्हा त्यात काही वावगं वाटत नाही. कमाई किती असं विचारलं तर कुणीच खरं सांगत नाही, म्हणून वस्तू मोजायच्या. वस्तू खोटं बोलत नाहीत. हे वाक्यही माझंच. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी ते सांगतो आणि नवे गणक ते वहीत उतरवून घेतात.

परत येताना जीपमध्ये मी खिडकीकडे बसलो आणि फाटक्या जागेवर हात ठेवला. काहीतरी आठवू पाहत होतं, पण काय ते मी स्वतःला सांगत नव्हतो. रस्त्याची दुकानं मोजली, पाट्या वाचल्या. मन असं लबाड असतं. आपल्याला कुठं जायचं आहे ते त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तरी ते चार गल्ल्या फिरवून आणतं. तीन आठवड्यांपूर्वी ताईचा फोन आला होता. मी टेबलाशीच होतो. "अरे, दवाखान्यात कार्ड बंद झालंय म्हणतात. यांचा तो श्वासाचा पंप देईनात." भावोजींनी तीस वर्षं दगड कापायच्या कारखान्यात काढली आणि तिथली सगळी धूळ छातीत भरून घरी आणली. पंप मिळाला तर ते रात्रभर झोपतात, नाही तर बसून असतात. "थांब, बघतो," मी म्हटलं आणि कॉम्प्युटरवर तिच्या कार्डाचा नंबर टाकला. पडद्यावर आलं एक्केचाळीस. "ताई, तुझे एक्केचाळीस आहेत." "म्हणजे?" "म्हणजे तू वर आलीस गं. चांगलंच आहे की!" तिकडं भावोजी खोकत होते, तो खोकला मला ऐकू येत होता, तरी मी बोलत होतो. मग ती म्हणाली, "बरं. तू म्हणतोस तर असेल." आणि तिनं माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली.

फोन ठेवल्यावर मी तिची अख्खी माहिती उघडून वाचली होती, हे तर मी कुणाला सांगितलंच नाही. खुर्च्या, चार. मला बरं वाटलं होतं. चक्क बरं वाटलं! ताईकडे चार खुर्च्या झाल्या. दोन वर्षं तिच्याकडे गेलो नव्हतो, आज जाऊ उद्या जाऊ करत. आता एकदा जावं, तिच्या खुर्चीवर ऐसपैस बसावं, असंही मनात आलं होतं. पंपाचं मी बोललोच नाही. घेतील विकत, म्हटलं. एक्केचाळीसवाले घेऊ शकतात. हेही माझंच गणित. ताई तेराव्या वर्षी बाटल्या धुवायच्या कामाला लागली म्हणून मी शाळेत राहिलो. तिची बोटं तेव्हा कायम पांढरी, सुरकुतलेली असायची. त्या बोटांनी ती माझ्या वह्यांना कव्हरं घालायची. त्या शाळेत मी गणित शिकलो आणि त्या गणितानं तिला नापास केलं. जीप सिग्नलला थांबली तेव्हा मी मोठ्यांदा "छे!" म्हणालो. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. खुर्ची यादीत मी घातली. आठ जण बसलो होतो, कुठल्या वस्तू धरायच्या यावर दोन दिवस वाद चालला होता. खुर्ची कुणाच्याच डोक्यात नव्हती. मी उभा राहून बोललो, अगदी तावातावानं. ज्या घरात आल्यागेल्याला बसायला खुर्ची आहे, ते घर खालच्या पायरीवर नाही, मला माहीत आहे, मी तशा घरातून आलोय. गरिबीतून वर आलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर कोण आडवं येणार? सहा गुण मंजूर. आमच्या घरात खुर्ची नव्हती हे मला आठवत होतं. पण एक दिवस होती, हे मी कुठं गाडून टाकलं होतं? आमच्या गल्लीत एकच खुर्ची होती, लाकडी, न्हाव्याची. एकदा घरोघरची माहिती लिहायला एक माणूस येणार असं कळलं आणि आई न्हाव्याकडे धावली. त्यानं अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला उठवलं आणि खुर्ची दिली. ताईनं ती डोक्यावर घेतली. मी मागून एक पाय धरून चाललो, आमच्यामागून साबण लावलेलं ते गिऱ्हाईकही आलं आणि दाराबाहेर ताटकळत उभं राहिलं. "बसा ना," आई त्या माणसाला म्हणाली, "आपलीच आहे खुर्ची." तो बसला. त्यानं लिहिलं. त्याचं काळं पेन, टोपणाला सोनेरी कडा. तेव्हाच मी ठरवलं की आपण मोठेपणी हा माणूस व्हायचं. आई अख्खा दिवस खुशीत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं कुणाला तरी सांगत होती. महिन्याभरानं गल्लीत मोफत दुधाची यादी लागली, तीत आमचं नाव नव्हतं. का नाही, हे तेव्हा कुणालाच कळलं नाही. मला ते जीपमध्ये कळलं, चाळीस वर्षांनी. नाही, हेही खोटं. मला माहीत होतं. कुठंतरी नक्की माहीत होतं. नाही तर इतक्या तावातावानं मी बोललोच नसतो.

ऑफिसात आल्याबरोबर संचालकांकडे गेलो, पँट बदलायलाही थांबलो नाही. आमचे संचालक वाईट माणूस नाहीत. उमेदीची वर्षं त्यांनी खेड्यांत पायी फिरून काढली, तेव्हापासून त्यांचे पाय दुखतात. टेबलाखाली ते बूट काढूनच बसतात. मी म्हटलं, "साहेब, खुर्च्यांचा आकडा खोटा आहे." "किती खोटा?" "अकरा घरांत मिळून चार." मग सगळं सांगितलं. ते खदाखदा हसले. "शाबास! लोकांत माणुसकी आहे म्हणायची अजून." मग चष्मा काढून पुसला. "बरं, मग? तुझं म्हणणं काय?" मी म्हटलं, खुर्ची काढून टाकू, गुण पुन्हा लावू, यादी पुन्हा करू. "परवा योजनेला पैसे देणाऱ्या बँकेची माणसं येताहेत," ते म्हणाले. "गरिबी नऊ टक्क्यांनी खाली आली असं आपण त्यांना सांगणार. त्यावर ते पुढच्या टप्प्याला हो म्हणणार. त्या टप्प्यात दोनशे वस्त्यांना घरोघर नळ. तू आज गेलास त्या वस्तीचं नावही त्यात आहे. नळ नकोत तुला?" "हवेत." "मग आता खुर्च्या मागं घेतल्या तर नऊचे किती उरतात?" "दोन. कदाचित तेही नाही." "दोनवर कोण पैसे देतं रे?" नळ खरे होते. पाण्यासाठी मैलभर चालणाऱ्या बायका खऱ्या होत्या. आणि त्यांच्याच दारात मी उभ्याउभ्या खोटे आकडे भरून घेतले होते.

"खुर्ची घातली कुणी होती रे?" त्यांनी सहज विचारलं. "मी." "हां." मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी मला न्याहाळलं. या माणसाला माणसं वाचता येतात, तेवढं खरं. "तुझं कुणी अडकलंय का त्यात?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "बहीण." "अरे, मग हे आधी सांगायचं! एवढा वेळ घोडं इथं पेंड खातंय होय?" त्यांनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, विशेष बाब म्हणून, आणि सही केली. "आणि बाकीचे?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी फेरतपासणी आहेच की. तेव्हा काढू तुझी खुर्ची." कागद माझ्यासमोर होता. उचलला नसता तर काय झालं असतं, याचा मी गेले कित्येक दिवस विचार करतोय. आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल! भावोजींचा खोकला आठवला, तो खराच आठवला. पण मी कागद उचलला तो त्या आधी. हात थरथरला वगैरे म्हणायला मला आवडलं असतं. काही थरथरलं नाही.

बँकेची माणसं आली. मी पडद्यावर तक्ते दाखवले. खुर्च्या, घरटी, तीन वर्षांपूर्वी अर्धी, आता पावणेचार. एक पाहुण्या बाई चांगल्या हुशार होत्या. त्यांनी पेन तोंडापाशी धरून विचारलं, एवढ्या कशा वाढल्या? सगळे माझ्याकडे वळले. संचालक मात्र टेबलावरच्या ग्लासाकडे बघत होते. तेवढा एक क्षण होता, अख्खा, हातात ठेवल्यासारखा. मी म्हणालो, "प्लॅस्टिक स्वस्त झालं." बाईंनी मान हलवली आणि लिहून घेतलं. प्लॅस्टिक स्वस्त झालंय हे काही खोटं नाही. जेवायच्या सुट्टीत संचालकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्या रात्री बायको म्हणाली, "एवढं काय झालंय तुम्हाला? काम फत्ते झालं ना?" मी तिच्यावर उगाच ओरडलो.

सुट्टीच्या दुपारी ताईकडे गेलो. गल्ली तीच, फक्त अरुंद झाल्यासारखी. शेजारचं दार लावलेलं होतं. ताई दारातच भेटली, "अगं बाई!" म्हणाली आणि हात पुसत पुसत नुसती बघत राहिली. घरात एक खाट, तिच्यावर उशांना टेकून बसलेले भावोजी, एक पत्र्याचा डबा, चूल. ताईनं खाली चटई टाकली. मी बसलो. खुर्ची एकही नव्हती, ते मी आल्या आल्याच मोजलं होतं, सवय. "खुर्च्या कुणाच्या होत्या गं?" मी विचारलं. "कसल्या?" "मोजायला आले तेव्हाच्या." "त्या होय. शेजारच्या शिवणवालीच्या. तिच्याकडं गिऱ्हाइकं येतात ना कपडे घेऊन, त्यांना बसायला असतात. त्या दिवशी तिनं आपण होऊन आणून दिल्या. गिऱ्हाइकं उभी ठेवली तिनं. मग इथून पुढच्या घरी, तिथून पुढं, अशा सगळ्या गल्लीभर गेल्या." "पण सांगायचं ना त्या मोजणाऱ्या बाईला, माझ्या नाहीत म्हणून!" माझा आवाज चढला. ताईचाही चढला. "कसं सांगू? मी आधीच फुशारकी मारून बसले होते, माझा भाऊ तुमच्याच खात्यात मोठा साहेब आहे म्हणून. आणि मग साहेबाच्या बहिणीकडं खुर्ची नाही असं सांगू? तुझंच नाव गेलं असतं." भावोजी काहीतरी बोलायला गेले, त्यांना श्वास पुरला नाही. पंप उशाशी होता, रिकामा. तरी त्यांनी तो दाबला. नुसतीच हवा आली.

मी त्या सहीवर मिळालेलं कार्ड काढून ताईच्या हातात दिलं. नवं, गुळगुळीत. तिला वाचता येतं. तिनं नाव वाचलं, तारीख वाचली, पुन्हा नाव वाचलं. मग खाटेपाशी जाऊन ते भावोजींच्या हातात ठेवलं. ते रडायला लागले आणि ते रडणं खोकल्यात गेलं. ताई त्यांची पाठ चोळत राहिली. मला हलकं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण मला हलकं वाटलं, मी चटईवर पाय लांब केले. मग ताई पाठ चोळता चोळताच म्हणाली, "शिवणवालीचं आणलंस?" "तिचंही गेलं?" "गेलं की. तिच्या चार खुर्च्या, वर शिवणयंत्र. तिच्या सासूला फिट येतात. गोळ्या बंद झाल्यात. परवा म्हातारी चुलीवर पडता पडता वाचली. सगळ्या गल्लीचीच गेलीत रे कार्डं." मी म्हणालो, "होईल त्यांचं. फेरतपासणी आहे." "कधी?" "पुढच्या वर्षी." ताईचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. "म्हणजे हे एकच आलंय." मी लांब केलेले पाय आवरून घेतले. "माझ्यासाठी वशिला लावलास," ती म्हणाली. रागानं नाही, एखादी वस्तू ओळखावी तसं म्हणाली.

भिंतीपलीकडे दार वाजलं आणि शिवणयंत्राचा खडखडाट सुरू झाला. ताईनं भावोजींच्या हातातून कार्ड घेतलं. आता परत देते की काय, मला वाटलं, आणि खरं सांगतो, तिनं परत द्यावं असं मला वाटत होतं. मग मला तिच्यावर रागावता आलं असतं. "मी हे परत नेऊ देणार नाही," ती म्हणाली. "मी काही देवमाणूस नाही. यांना रात्रभर बसलेलं मला बघवत नाही." तिनं कार्ड पत्र्याच्या डब्यात तांदळाखाली खुपसलं आणि झाकण दाबून बसवलं. "पण दवाखान्यात मी दुसऱ्या बाजूच्या जाईन, लांबच्या. इथल्या रांगेत सगळ्या ओळखीच्या असतात." मग तिनं आवाज अगदी खाली आणला. "येताना पाहिलं का रे तुला तिनं?" "नाही. दार लावलेलं होतं." "आता उघडलंय. ती दारातच बसते मशीन घेऊन. तू असा पुढून गेलास तर ती विचारेल, काय आणलं भावानं. मला नाही खोटं बोलता येत तिच्यापुढं. तू मागनं जा. गटाराच्या कडेनं." चहा टाकते असं ती म्हणाली नाही. दोन वर्षांनी आलेल्या भावाला तिनं चहा विचारला नाही, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नाही. भावोजींनी उशीवरून हात उचलला, मी तो धरला. त्यांचा पंजा अजून दगडासारखाच होता. मग ताईनं मागचं दार हळूच, आवाज होऊ न देता उघडलं.

मागचा बोळ हातभर रुंद. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार. मी भिंतीला धरत धरत चार पावलं गेलो असेन, तोच शिवणयंत्र थांबलं. पुढच्या बाजूनं एका बाईचा आवाज आला, मोठा, मोकळा. "काय गं, पुरुषाचा आवाज येत होता. भाऊ आला होता का तुझा?" मी भिंतीला चिकटलो. ताई म्हणाली, "छे गं. त्याला कुठला वेळ." "आला म्हणजे त्याच्या कानावर घाल हं आमच्या म्हातारीच्या गोळ्यांचं. तू नेहमी सांगतेस ना, भला माणूस आहे. करील काहीतरी."

"घालते," ताई म्हणाली. शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं.